संगणक कक्षाची जबाबदारी अंगावर आली? शाळेतलं इंटरनेट असं हाताळा

जूनच्या पहिल्या बैठकीत कामवाटप होतं. परिपाठ एकाकडे, शालेय पोषण आहार दुसऱ्याकडे, आणि संगणक कक्ष बहुतेक वेळा सर्वांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाकडे. सोबत किल्ली मिळते, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कक्षातल्या सामानाची नोंदवही, मिळतं. मुलांनी इंटरनेट कसं वापरायचं आणि काही विपरीत घडलं तर आपण काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. हा लेख त्या शिक्षकासाठी आहे. शाळा जिल्हा परिषदेची असो, अनुदानित हायस्कूल असो की कनिष्ठ महाविद्यालय, क्रम साधारण हाच राहतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फिल्टर, पासवर्ड, नियमांचा तक्ता हे सगळं लागतंच. पण ऑनलाइन अडकलेलं मूल सुटतं ते त्यानं कुणाला तरी वेळेत सांगितलं म्हणून. फोन काढून घेतील, घरी मार बसेल, वर्गात हसं होईल या भीतीनं मुलं गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याच्या दिवसांतच त्रास देणाऱ्याचं फावतं. म्हणून खालची प्रत्येक पायरी चढताना पाहत राहा, की यामुळे मुलाला आपल्याशी बोलणं सोपं होतंय की अवघड.

पायरी १ : सुरुवात कार्यालयापासून

शाळेतली सर्वांत नाजूक माहिती संगणक कक्षात नसते. ती कार्यालयात असते: सरल आणि यू-डायस प्लस ही विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी पोर्टलं, शिष्यवृत्तीचे अर्ज. त्यात मुलांचे आधार क्रमांक, जात, पालकांचे फोन, बँक खाती आहेत. ही कामं मुलं वापरतात त्या संगणकावर कधीही करू नका, आणि ‘जरा एन्ट्री मारून दे’ म्हणून दहावीच्या हुशार मुलाला त्या लॉगिनवर बसवू नका. मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी आजच काढा. पासवर्ड एका वहीत लिहून ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवणं पूर्ण चालतं.

नाव, त्यापुढे अ‍ॅट, त्यापुढे १२३, किंवा शाळेचा स्थापनावर्षाचा आकडा, असे पासवर्ड शाळांमध्ये सर्रास असतात आणि ते कुणालाही ओळखता येतात. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा: फणस, ढोल, मंगळवार, कंदील यांसारखे. लक्षात राहायला सोपा, ओळखायला फार अवघड. (हे चार आता छापून आले, तुम्ही दुसरे निवडा.)

पायरी २ : खोली आणि यंत्रं

टेबलं भिंतींना लावून सगळे पडदे खोलीच्या आत वळवा, म्हणजे मधोमध उभं राहिलं की प्रत्येक पडदा दिसतो. यासाठी एक रुपया लागत नाही आणि महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. एका संगणकावर दोन मुलं बसवणं ही आपल्याकडे बहुधा गरजच असते. दर तासाला माउस कुणाच्या हातात याची अदलाबदल मात्र ठरवून करा. नाहीतर वर्षभर एकच मूल शिकतं आणि दुसरं बघत बसतं. त्यातही मुलींच्या हातात माउस कमी येतो, याकडे लक्ष असू द्या.

विंडोजवर मुलांसाठी साधं खातं करा आणि प्रशासकाचं खातं स्वतःकडे ठेवा. मुलांच्या खात्यातून नवं सॉफ्टवेअर बसवायला गेलं की पासवर्ड मागितला जाईल, एवढ्यानं निम्मे घोळ टळतात. ब्राउझर पाहुणा (गेस्ट) मोडमध्ये उघडायची सवय लावा. खिडकी बंद केली की आधीच्या मुलाचं लॉगिन तिथे राहत नाही. बाहेरचे पेन ड्राइव्ह बंद. कक्षातले संगणक जुने असतील तर त्यावर विंडोज १० आहे का पाहा. तिचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र विंडोज ११ पेलत नसेल तर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवून तेच संगणक आणखी काही वर्षं चांगले चालवता येतात.

पायरी ३ : राउटरवर गाळणी

राउटरच्या तळाशी त्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि मूळ पासवर्ड छापलेला असतो. तो पासवर्ड आधी बदला. मग डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ हे दोन पत्ते इंग्रजी अंकांत भरा. ही क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची मोफत सेवा आहे. अश्लील आणि घातक साइट ती उघडूच देत नाही. गूगलमध्ये सेफसर्च आणि यूट्यूबवर प्रतिबंधित मोड सुरू करा. शिक्षकांच्या फोनसाठी वेगळं वायफाय नाव ठेवता आलं तर ठेवा, आणि पासवर्ड फळ्यावर लिहू नका.

एवढं करून निश्चिंत होऊ नका. ही गाळणी फक्त तुमच्या वायफायपुरती आहे. नववीतल्या मुलाच्या खिशातला मोबाइल डेटा तिला ओलांडून जातो, आणि व्हीपीएन, म्हणजे गाळणी चुकवता येणारं अ‍ॅप, कसं टाकायचं हे वर्गात कुणाला तरी माहीत असतंच. चुकून काही नको ते उघडलं गेलं तर लहान मुलांनी काय करायचं, हे गाळणी बसवण्याइतकंच पक्कं करा: मॉनिटरचं बटण बंद करायचं आणि हात वर करायचा. ज्यानं हात वर केला त्याला त्या दिवशी एकही प्रश्न आरोपाच्या सुरात विचारायचा नाही.

आपला फोन स्मार्ट टीव्हीला जोडताना

बऱ्याच प्राथमिक शाळांमध्ये इंटरनेट म्हणजे गुरुजींच्या किंवा बाईंच्या फोनचा हॉटस्पॉट. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवताना ‘व्यत्यय नको’ सुरू करा, नाहीतर तुमचे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप तिसरीच्या वर्गासमोर झळकतात. यूट्यूबवर स्वतःच्या खात्यातून बाहेर पडा आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. दाखवायचा व्हिडिओ आदल्या दिवशी शेवटपर्यंत पाहून ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतात. तिथे जाहिरात नसते, म्हणून सुरुवात तिथून करणं उत्तम.

पायरी ४ : नियम मुलांनी लिहावेत

‘हे करू नये, ते करू नये’ अशा वीस ओळींचा फलक कुणी वाचत नाही. एक तास द्या, मुलांचे गट करा, आणि ‘आपल्या कक्षात सगळ्यांना सुरक्षित वाटायला काय लागेल’ यावर बोलू द्या. चार-पाच वाक्यं निघतील ती त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच अक्षरात दारावर लावा. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, दुसऱ्याच्या खात्यात डोकवायचं नाही, हे मुलं स्वतःहून सांगतात.

एक वाक्य मात्र तुम्ही घाला आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन घाला: ‘सांगितलं म्हणून शिक्षा होणार नाही.’ याचा अर्थ नियम मोडून इन्स्टाग्राम उघडलं होतं आणि तिथे कुणी त्रास दिला, तर आधी त्रासाचं बघायचं. नियम मोडल्याचं नंतर, आणि तेही सौम्यपणे. हे वाक्य पाळलं गेलं नाही तर पुढच्या वेळी कुणीही येणार नाही. मुलींना पुरुष शिक्षकाशी बोलणं जड जाऊ शकतं, म्हणून एका शिक्षिकेचं नाव तिथेच खाली लिहा. तक्रारपेटी असेल तर ती कार्यालयासमोर नको, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर हवी, म्हणजे चिठ्ठी टाकणारं मूल सर्वांच्या नजरेत येत नाही.

पायरी ५ : शिकवायचं काय, कुणाला

पहिली ते चौथीच्या मुलांना कुठलंही खातं लागत नाही. आपलं नाव, घर, शाळा, फोन अनोळखी माणसाला सांगायचं नाही, आणि पडद्यावरचं काही पाहून पोटात गोळा आला तर मोठ्यांना सांगायचं, एवढं पुरे.

पाचवी ते सातवीला शोधायला शिकवा. ‘बसा, इंटरनेट वापरा’ म्हणून सोडलं की मुलं भरकटतात. नेमकं काम द्या. तालुक्यातल्या नदीचा उगम कुठे, तिच्यावर धरणं कोणती, हे मराठी विश्वकोशात आणि मराठी विकिपीडियावर शोधा, दोन्हींत फरक सापडला तर मांडा. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, हे पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसतं. चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटची उत्तरंही याच रांगेत बसवा: तो काय म्हणतो ते वहीत लिहा आणि पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा. त्याच्या वापराच्या अटींत किमान वय १३ आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी असं आहे, तेव्हा लहान वर्गांत तो फक्त शिक्षकांनी पडद्यावर चालवावा.

आठवीपासून दोन सराव मला फार मोलाचे वाटतात. पहिला, पत्ता वाचण्याचा. दहावीच्या निकालाच्या दिवशी फसव्या लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, म्हणून निकालाचंच उदाहरण घ्या. वेबपत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर पुढची एकेरी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचायचा. शेवटी ‘डॉट एनआयसी डॉट इन’ किंवा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर साइट सरकारी. पण ‘महारिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन’ लिहून त्यालाच पुढे डॉट देऊन भलतं नाव जोडलं असेल, तर मालक ते भलतं नाव आहे, आधीचा भाग नुसता देखावा. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह साइट प्रामाणिक असल्याची खूण नाही, हेही सांगा. ते फक्त मधल्या वाटेवर माहिती कुणी वाचू शकत नाही एवढंच दाखवतं. खरे-खोटे दहा पत्ते फळ्यावर लिहा आणि ओळखायला लावा. मुलं हे घरी जाऊन आईवडिलांना शिकवतात.

दुसरा सराव जन्मवर्षाचा. इन्स्टाग्रामला १३ वर्षांची अट आहे, म्हणून सहावी-सातवीतली मुलं जन्मसाल २००० वगैरे टाकून खातं उघडतात. इन्स्टाग्रामनं २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतात आली. ही खाती मुळातच खासगी असतात, अनोळखी माणसाला त्यांच्यावर निरोप पाठवता येत नाही, आणि १६ वर्षांखालच्यांना हे नियम सैल करायला पालकांची संमती लागते. खोटं वय टाकलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. यंत्रणेच्या लेखी तो पंचविशीतला माणूस असतो. हे समजावून सांगितलं की पुष्कळ मुलं स्वतःहून वय दुरुस्त करतात. तेरा पूर्ण नसलेल्यांनी खातं बंद करणंच योग्य.

अकरावी-बारावीत विषय पैशाचा. शिष्यवृत्तीसाठी खातं उघडलेलं असतं, आणि कुणीतरी म्हणतं, ‘तुझं खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दे, महिन्याला पैसे देतो.’ फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवला जातो. खातं गोठतं आणि पोलिसांचा फोन खातेदाराला येतो. व्हिडिओ लाइक करून कमाई, टेलिग्रामवरची घरबसल्या नोकरी, शिष्यवृत्ती जमा करायला ओटीपी मागणारा फोन, हे सगळं नाव घेऊन बोला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानं बंदी घातली आहे, हेही या वयाला सांगावं लागतं.

पायरी ६ : घडलंच तर

ही पायरी दोनदा वाचा.

मूल सांगायला आलं की दार ओढून घ्या, पण मुलासोबत एकटे बसू नका. त्याच्या विश्वासाची दुसरी व्यक्ती सोबत असू द्या. पहिलं वाक्य ‘सांगितलंस ते फार बरं केलंस’ हे असावं. ‘तू फोटो पाठवलासच कशाला’ हा प्रश्न तोंडातून बाहेर पडला तर पुढची हकिगत तुम्हाला कळणार नाही. तपशील खोदून विचारू नका, चौकशी तुमचं काम नाही.

धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागितले जात असतील तर काहीही द्यायचं नाही. दिल्यावर मागणी वाढत जाते. खातं घाईनं उडवू नका. त्या माणसाचं नाव, प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, वेळ कागदावर उतरवा, आणि मग फोन विमान मोडवर टाका, म्हणजे समोरच्याला त्यानं पाठवलेले निरोप मागे घेता येत नाहीत. शिव्या, धमक्या यांचे स्क्रीनशॉट घ्या. मात्र मुलाचं नग्न किंवा लैंगिक चित्र असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही, ते स्वतःच्या फोनवर मागवायचं नाही, ‘पुरावा’ म्हणून मुख्याध्यापकांना पाठवायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६७ ब खाली असं साहित्य पाठवणं गुन्हा आहे, आणि नुसतं बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं. चांगल्या हेतूनं शिक्षकांच्या गटात टाकलेलं चित्र त्या मुलीच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर पोलिसांना कळवणं ऐच्छिक नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकानं ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक ठाण्याला द्यायची आहे. न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘आधी संस्थेची समिती बसवू’, ‘शाळेचं नाव खराब होईल’ या कारणांना कायद्यात जागा नाही. मूल आणि पालक यांना सोबत घ्या, मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि पोच ठेवा. मुलाची ओळख उघड होईल असं काहीही कुठेही सांगू नका, स्टाफरूममध्येसुद्धा.

तीन नंबर कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत हवेत. १०९८ ही संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन, मूल स्वतःही लावू शकतं. ११२ तातडीच्या मदतीसाठी. १९३० पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच, त्याच तासात फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवता येते. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा तो १२ अंकी असतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि महिला व बालकांविषयीची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते.

तक्रार झाल्यावर चित्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली एक राष्ट्रीय संस्था ती चालवते. १८ वर्षांखालच्या मुलाचं चित्र फोनमध्येच राहतं. त्याचा फक्त डिजिटल ठसा, म्हणजे चित्र न दाखवता ते ओळखू देणारा संकेत, तयार होऊन सहभागी समाजमाध्यमांकडे जातो आणि ती माध्यमं ते चित्र ओळखून काढून टाकू शकतात.

आणि ज्यानं त्रास दिला तो आपलाच नववीतला मुलगा असेल तर? वर्गमैत्रिणीचा चेहरा अ‍ॅपमध्ये टाकून खोटं नग्न चित्र बनवणं हा खेळ नाही, याची पूर्ण जाणीव त्याला द्यायची. कायद्यानं जे करायचं ते टळत नाही. पण तोही मूलच आहे. परिपाठाला सर्वांसमोर उभं करून त्याची धिंड काढली तर त्या मुलीचीही ओळख फुटते आणि मुलगा सुधारायची वाट बंद होते.

शाळेचं पान आणि आपली रील

इथे मला मोठ्यांशीच बोलायचं आहे. गणवेशातल्या मुलांना नाचवून स्वतःच्या इन्स्टाग्रामवर रील टाकणं थांबवायला हवं. त्या मुलांनी होकार दिलेला नसतो, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिच्या माहितीसाठी पालकांची संमती हे त्या कायद्याचं तत्त्व आहे. स्नेहसंमेलनाचा फोटो शाळेच्या पानावर टाकायचा तर लांबून घेतलेला, समूहाचा. नाव, इयत्ता, ओळखपत्र दिसणार नाही असा. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून फोटोविषयी लेखी होकार किंवा नकार घ्या आणि नकार पाळा.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, त्यात आठवीच्या मुलींचे स्वतःचे नंबरही असतात. कम्युनिटी करून फक्त सूचनांचा गट ठेवला तर सदस्यांचे नंबर इतर सदस्यांना दिसत नाहीत. गुणपत्रकाचा फोटो गटात नको. शिक्षकानं रात्री एकट्या विद्यार्थ्याशी खासगी चॅट करू नये, अभ्यासाचं असलं तरी.

पालकसभेत

पुष्कळ घरांत फोन एकच असतो, वडिलांचा, आणि त्यातच यूपीआय. त्यामुळे पालकांना आधी एवढंच सांगा: यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका, पैशांच्या अ‍ॅपला वेगळं कुलूप लावा, प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड ठेवा. गूगलचं फॅमिली लिंक हे मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं अ‍ॅप सभेतच एखाद्या पालकाच्या फोनवर बसवून दाखवा. नुसतं नाव सांगून उपयोग नाही.

सगळे विचारतात, ‘फोन बंदच करावा का?’ सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. मला वडगावची रीत पटते, कारण तिथे मोठेही फोन खाली ठेवतात. बंदी फक्त मुलांवर असेल तर ती लपून वापरतात, आणि लपून वापरणारं मूल अडचणीतही लपूनच राहतं.

बदली झाली तर

वर्षाच्या शेवटी एका पानावर लिहून ठेवा: राउटरचा पासवर्ड, प्रशासकाची खाती, शाळेचा ईमेल कुणाच्या मोबाइलला जोडलेला आहे, यूट्यूब चॅनेल आणि फेसबुक पानाचे अ‍ॅडमिन कोण, कम्युनिटी कुणी बनवली. शाळेची खाती शाळेच्याच ईमेलवर आणि शाळेच्या सिमवर असावीत, शिक्षकाच्या वैयक्तिक नंबरवर नकोत. हे पान कार्यभार हस्तांतराच्या कागदांना जोडा, नव्या शिक्षकासमोर सगळे पासवर्ड बदला, आणि दहावी-बारावी सोडून गेलेल्या मुलांची लॉगिन त्याच दिवशी बंद करा.